व्हॉट्सॲपवर कन्नडमध्ये पोलिसांची नोटीस आली आहे. मामांनी जावं की नको?

रताळीवाला | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाव बेळगावच्या पश्चिम भागातलं. गावाचं नाव लिहीत नाही, ठाण्याचंही नाही, समजून घ्या.

गेल्या आठवड्यात आमची म्हैस दावं तोडून शेजाऱ्याच्या रताळ्याच्या वेलात शिरली. शेजारी म्हणजे भाऊबंदच, आडनाव एकच. आधी शिव्या झाल्या, मग काठ्या. मामा (वय ६६) आणि मामेभाऊ एकीकडं, ते बापलेक दुसरीकडं. त्यांच्या पोराच्या डोक्याला चार टाके पडले. मामांच्या मनगटावरही काठी बसलीय, पण ते गावातल्या डॉक्टरकडून पट्टी बांधून घेऊन गप्प घरी आले. ते लोक तिथनंच सरळ सिव्हिलला गेले.

परवा मामेभावाच्या मोबाईलवर एका कागदाचा फोटो आला. सगळं कन्नड. मामा बाजारापुरतं कन्नड बोलतात, वाचता येत नाही. मी पुण्यात असतो, शाळेत शिकलेलं कन्नड आठवून अक्षरं जुळवत वाचलं. त्यात 'गाय' हा शब्द तीनदा आलाय. आमची तर म्हैस होती की ओ! गोहत्येच्या कायद्यात अडकवतात काय, म्हणून मामी रडून हैराण. मामा म्हणतात, मी जात नाही, न्यायचं तर घरातनं उचलून नेऊ देत. जेवण सोडल्यासारखं केलंय.

आकडे कळले ते असे: वरती ३५(३), खाली ११५(२), ११८(१), ३५२, ३५१(२) आणि ३(५). गुरुवारी सकाळी ११ ला बोलावलंय असं वाटतंय. काय करायचं?

शाळाबाई | सोमवार, रात्री १०:०५

आधी मामींना फोन करा आणि सांगा, गाय म्हणजे जखम. कन्नडमध्ये जखमेला 'गाय' म्हणतात, जखमीला 'गायाळु'. आपल्या गायीला आमच्या शाळेच्या भागात 'आकळु' म्हणतात. कागदात 'सादा स्वरूपद गाय' असं असेल तर ती किरकोळ स्वरूपाची दुखापत. जनावराचा काही संबंध नाही.

मी चिकोडी भागात कन्नड शिकवते, घरी मराठी. हे घोळ रोजचे आहेत, कारण दोन्ही भाषांत शब्द तोच आणि अर्थ वेगळा. 'बंधन' लिहिलं असेल तर ती अटक. 'अनुमान' म्हणजे संशय. 'तकरारु' म्हणजे भांडण किंवा हरकत. आपण ज्याला तक्रार म्हणतो ती 'दूरु'. 'हेळिके' म्हणजे जबाब, 'महजरु' म्हणजे पंचनामा. 'मुच्चळिके' तेवढं सरळ आहे, आपला मुचलका.

नावं आणि फोन नंबर झाकून फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, पूर्ण वाचून देते. इथं धाग्यात टाकू नका.

निपाणीकर | सोमवार, रात्री १०:३१

घाबरायचं काही कारण नाही. नवीन कायद्यात ६० च्या वरच्या माणसाला अटकच करता येत नाही. आणि व्हॉट्सॲपवर नोटीस चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. जाऊच नका म्हणावं मामांना, निवांत झोपा.

टिळकवाडी_वकील | मंगळवार, सकाळी ७:१५

निपाणीकर, दोन्ही गोष्टी अर्ध्या बरोबर आहेत, आणि त्या अर्ध्या भरवशावर झोपले तर मामा खरंच आत जातील.

वयाचं बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा. त्यातलं कलम ३५(७) असं आहे: गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल आणि माणूस ६० च्या वरचा किंवा आजारानं जर्जर असेल, तर पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही. म्हणजे परवानगी लागते, बंदी नाही. शिवाय मामांवर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) ११८(१) आहे, घातक हत्यारानं दुखापत. त्याला शिक्षा 'तीन वर्षांपर्यंत'. तीनपेक्षा कमी नाही, तीनपर्यंत. एवढ्या एका शब्दानं ते संरक्षण हातातून निसटतं.

आता व्हॉट्सॲप. जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं की ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावू नये, कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनंच बजावावी. हे खरं. पण त्याचा उपयोग उद्या काही झालं तर कोर्टात मुद्दा मांडायला. घरी बसायला नव्हे. नोटीस पाळली नाही तर पोलिसांना अटकेचा मार्ग त्याच कलमात मोकळा होतो, आणि नंतर मामांना सांगत बसावं लागेल की मला कळलं होतं पण मी गेलो नाही, कारण व्हॉट्सॲप होतं. कुठल्या न्यायाधीशाला हे पटेल?

रताळीवाले, ३५(३) ची नोटीस ही वाईट बातमी नाही. ती अटकेऐवजी असते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, आधी कारण लिहायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला अर्नेश कुमार खटल्यात ठरवून दिलंय. बोलावल्यावर माणूस हजर राहिला, सहकार्य करत राहिला, तर त्या गुन्ह्यात त्याला अटक करायची नसते; करायचीच झाली तर का, ते पोलिसांनी नोंदवायचं. तेव्हा गुरुवारी ११ ला जायचं. वकील घेऊन.

बाकी आकडे, हेही न्याय संहितेतलेच: ११५(२) साधी दुखापत, एक वर्षापर्यंत (जुन्या दंड संहितेत ३२३). ३५२ म्हणजे डिवचण्यासाठी अपमान, ३५१(२) धमकी (जुनी ५०४ आणि ५०६). ३(५) हा वेगळा गुन्हा नव्हे, दोघांनी मिळून एका इराद्यानं केलं एवढंच म्हणणारं कलम. गावात अजून त्याला ३४ च म्हणतात. या सगळ्यात जड आहे ते ११८(१), कारण ते अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळत नाही असा अर्थ गावोगाव लावला जातो. तसं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हक्कानं मिळतो, अजामीनपात्रात कोर्ट विचार करून देतं. एवढाच फरक.

आणि गावठी काठीला 'घातक हत्यार' म्हणायचं का? जे हत्यार म्हणून वापरलं तर जीव जाऊ शकेल अशी वस्तू, असं कायद्यात आहे. म्हशीमागं फिरवायची शिपटी की लोखंडी कडी बसवलेला सोटा, यावर तुमचा खटला फिरणार आहे. अटकपूर्व जामीन घ्यायचा की नाही, हे तुमच्या वकिलानं कागद बघून ठरवावं. मी न बघता सांगणार नाही.

रोखठोक | मंगळवार, सकाळी ९:२०

सगळं ठीक आहे, पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. मराठी माणसाला मराठीत कागद का देत नाहीत? सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात हवीत म्हणतो आपण, आणि म्हातारा माणूस गाय की जखम याच्यावरनं उपाशी बसतो. तो कागदच बेकायदा आहे. परत पाठवा, मराठीत द्या म्हणा, तोपर्यंत येत नाही.

शिरस्तेदार_निवृत्त | मंगळवार, दुपारी १२:०२

रोखठोकराव, मी कोर्टात ३४ वर्षं काढली, गठ्ठ्यांना दोऱ्या बांधून बोटं वाकडी झाली. तुमच्या रागाशी माझं भांडण नाही. महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत या मामांनी ठाण्यात जायचं थांबायचं का?

खालच्या कोर्टांची भाषा कुठली हे राज्य सरकार ठरवतं, तसं सुरक्षा संहितेत कलमच आहे (३०७). इथं ती कन्नड. म्हणून एफआयआर कन्नडमध्ये लिहिला की तो बेकायदा ठरत नाही. पण कागद कन्नडमध्ये असणं वेगळं, आणि तुम्हाला न समजता तुमच्यावर चालणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला कायदा परवानगी देत नाही, आणि आपली माणसं तीच सोडून पहिलीवर भांडत बसतात.

कुठं कुठं ते बघा. फिर्याद तोंडी दिली तर लिहून घेणाऱ्यानं ती वाचून दाखवली पाहिजे, मग सही. तुम्ही 'हे मला मराठीत सांगा, मगच सही' म्हटलं तर त्यात उद्धटपणा काही नाही. लेखी अर्ज मराठीत द्यायला कुणी अडवू शकत नाही. गाऱ्हाणं राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदात आहे. पोच मात्र घ्या, शिक्क्यासकट. कोर्टात साक्षीदार आरोपीला न कळणाऱ्या भाषेत बोलला, तर ते भर कोर्टात त्याला कळणाऱ्या भाषेत सांगायचं असतं, कलम ३१४. साक्षीदार मराठीत बोलला आणि टिपण दुसऱ्या भाषेत झालं, तर ते त्याला उलगडून सांगावं लागतं. मी स्वतः किती वेळा उभा राहून सांगितलंय त्याला गणती नाही.

आणि अटकेचं. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र, ६ नोव्हेंबर २०२५ चा निकाल. अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्या माणसाला समजेल त्या भाषेत. कुठलाही गुन्हा असो. त्या क्षणी शक्य नसेल तर आधी तोंडी सांगा, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढं उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. खटला मुंबईच्या अपघाताचा, पण वाचताना मला आपला सीमाभागच दिसला.

टिळकवाडी_वकील | मंगळवार, दुपारी १:१०

शिरस्तेदारकाकांशी सहमत. फक्त एक जोडतो, नाहीतर इथून कुणीतरी चुकीचं घेऊन जाईल: तो निकाल अटकेच्या कारणांपुरता आहे. एफआयआर किंवा ३५(३) ची नोटीस मराठीत नाही म्हणून ती रद्द, असं त्यातून निघत नाही.

शाळाबाई | मंगळवार, दुपारी ४:४५

फोटो वाचला, रताळीवाल्यांना पाठवलाय. गुरुवार ११ च आहे. सोबत आधार आणि 'घटनेसंबंधी असतील ती कागदपत्रं' आणायला सांगितलंय. खाली हवालदारांचा फोन आहे. मी त्यावर फोन लावला (रताळीवाल्यांना विचारून). ते घरचे मराठीच निघाले! म्हणाले, 'ओ बाई, येऊ दे की म्हाताऱ्याला, चहा पाजून पाठवतो.' चहाचं खरं मानू नका, पण भाषेची भीती निम्मी गेली.

शिरस्तेदार_निवृत्त | मंगळवार, रात्री ८:३०

चहा पाजतीलही. चहासोबत कागदही येतात, म्हणून सांगून ठेवतो.

ठाण्यात सही कशावर करायची हे आपल्या माणसाला कुणी शिकवत नाही. नोटीस मिळाल्याच्या पोचेवर, मुचलक्यावर, पंचनाम्यावर (पंच असाल तर) सही असते. पण तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, १८० खालचा, त्यावर सही घ्यायचीच नाही असं कायदा म्हणतो, १८१ मध्ये. कोऱ्या कागदावर तर प्रश्नच नाही. पोलिसांपुढं दिलेली कबुलीही पुरावा होत नाही. मात्र कोठडीतला आरोपी म्हणाला की 'काठी गोठ्याच्या आढ्यात खोचलीय' आणि खरंच तिथं सापडली, तर तेवढं वाक्य त्याच्याविरुद्ध वापरता येतं. म्हातारी माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत. मामांना सांगा, नाव गाव विचारलं की सांगायचं, बाकी 'वकिलांशी बोलून सांगतो'. स्वतःविरुद्ध बोलायला कुणाला भाग पाडता येत नाही, घटनेचा २० वा अनुच्छेद.

एफआयआरची प्रत मागा. फिर्यादीला ती फुकट मिळते. आरोपीनं वकिलामार्फत घ्यावी, शिवाय संवेदनशील गुन्हे सोडले तर राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरही असते.

माहेरवाशीण | मंगळवार, रात्री ९:५५

एक शंका, याच विषयात बसेल म्हणून. माझ्या आईला शेजारच्या भांडणात साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलं होतं. ती गेली, चार तास बाकावर बसवलं, मग उद्या या म्हणाले. असं करता येतं?

टिळकवाडी_वकील | मंगळवार, रात्री १०:२०

नाही. साक्षीदार बाई असेल, किंवा पुरुष १५ च्या खालचा वा ६० च्या वरचा असेल, अपंग किंवा फार आजारी असेल, तर जबाबासाठी घराबाहेर कुठंही यायची सक्ती नाही. पोलिसांनी घरी यायचं. कलम १७९. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी ६५ होतं, आता ६० झालंय. आईंना स्वतःहून जायचं असेल तर जाऊ शकतात, तो त्यांचा प्रश्न. लक्षात घ्या, हे साक्षीदाराला. मामा आरोपी आहेत, त्यांनी याचा आधार घेऊन घरी बसू नये.

चंदगडी | बुधवार, सकाळी ६:५०

आमी पलीकडचे, पण बेळगाव आमचा बाजार. मेव्हण्याला मागं बेळगावात एका भांडणात धरलं, जामीन मिळाला, आणि जामीनदार म्हणून मी उभारलो तर म्हणाले महाराष्ट्राचा सातबारा चालत नाही, इथला उतारा असलेला माणूस आणा. तीन दिवस जास्त आत राहिला पोरगा. हे बरोबर काय?

टिळकवाडी_वकील | बुधवार, सकाळी ८:४०

बरोबर नाही. मोतीराम खटला, १९७८. मध्य प्रदेशात मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश मोडीत काढला, आणि निकालात विचारलं की एखादा कानडी किंवा मल्याळी माणूस दूर बस्तरमध्ये पकडला गेला तर त्यानं काय करायचं. देश एक आहे, तेव्हा दुसरीकडची जमीन म्हणून जामीनदार नाकारायचा नाही.

आता व्यवहारातलं. पलीकडच्या सातबाऱ्याची पडताळणी करायची तर तहसीलकडून यावं लागतं, वेळ जातो, म्हणून तोंडी 'इथला आणा' म्हणून मोकळे होतात. तुमच्या वकिलानं तिथंच मोतीरामचा दाखला देऊन लेखी आदेश मागायला हवा होता. तोंडी नकाराविरुद्ध वर जाता येत नाही. शिवाय कोर्टाच्या परवानगीनं रोख रक्कम भरायचा मार्ग असतो. आणि कोर्टाच्या दारातल्या झाडाखाली भाड्यानं उभे राहणारे जामीनदार घेऊ नका. आतापर्यंत किती जणांना जामीन राहिलात हे शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि तो खोटं लिहितो तुमच्या नावावर.

निपाणीकर | बुधवार, सकाळी ९:०५

मी सोमवारी चुकीचं सांगितलं, मान्य. पण एक विचारतो, भांडण पलीकडं झालं आणि माणूस अलीकडचा असला तर तक्रार कुठं? कोगनोळीच्या राज्यसीमा नाक्यावर दोन्हीकडनं हद्दीवरनं हाकलतात.

टिळकवाडी_वकील | बुधवार, सकाळी ९:३०

कुठंही. झिरो एफआयआर. पूर्वी न्यायालयांच्या निकालांवर चालायचं, आता १७३ मध्येच लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत झाला तरी माहिती नोंदवायची. नोंदवून मग योग्य ठाण्याकडं पाठवायची.

रताळीवाला | गुरुवार, रात्री ८:१५

जाऊन आले. सगळ्यांचे आभार. मामेभावानं लिहिलंय ते थोडक्यात टाकतो.

वकील सोबत होते. मामांनी सांगितलं, 'साहेब, वाचता येत नाही, मराठीत सांगा, मग सही.' फौजदारांनी एकदा वर बघितलं आणि हवालदारांना हाक मारली. हवालदारांनी ओळ न् ओळ सांगितली. पोचेवर सही करताना वकिलांनी मामांच्या हातूनच 'मराठीत समजावून सांगितले' असं लिहायला लावलं. मामा चौथी शिकलेत, पाच मिनिटं लागली लिहायला, सगळं ठाणं थांबलं होतं म्हणे. अटक नाही. बोलावलं की यायचं, साक्षीदारांना धमकवायचं नाही. चहा मिळाला नाही.

आता दुसरी अडचण. मामांच्या मनगटाची आमची फिर्याद दिली तर म्हणाले, ही एनसी (अदखलपात्र). तपास होणार नाही, कोर्टातनं परवानगी आणा. त्यांची तेवढी केस आणि आमची नाही?

टिळकवाडी_वकील | गुरुवार, रात्री ९:००

गावातल्या डॉक्टरकडं गेलात तिथं हे बिघडलं. मारामारीनंतर सरकारी दवाखान्यात गेलं की एमएलसी (पोलीस केस म्हणून नोंद) होते, पोलिसांना तिथूनच कळतं, आणि पुढं वूंड सर्टिफिकेट, म्हणजे जखमेचा दाखला मिळतो. आठ दिवसांनी पिवळी पडलेली सूज दाखवून काय सिद्ध करणार? तरी उद्याच बेळगावच्या बिम्स या सरकारी दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा. हाड मोडलं असेल तर ती 'गंभीर दुखापत' होते आणि चित्रच बदलतं. मोडलं नसलं तरी १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचं काम करता आलं नाही, तर तेही गंभीर दुखापतीत येतं. पूर्वी यासाठी २० दिवस होते.

साध्या दुखापतीला, ११५(२) ला, पोलीस आपणहून तपास करू शकत नाहीत. तो अदखलपात्र. म्हणून एनसी. तिथवर त्यांचं बरोबर. पण काठी दोन्हीकडं होती. त्यांच्या पोराला लागलेली काठी घातक हत्यार आणि मामांना लागलेली नाही, हे कसं? हेच लिहून मराठीत अर्ज करा, पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा. तिथं दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडं १७५(३) खाली, प्रतिज्ञापत्रासह. अधीक्षकांकडं न जाता सरळ कोर्टात गेलात तर अर्ज तिथंच अडतो.

उलट केस झाली तर दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढं, एकामागून एक चालले पाहिजेत. त्यात तुमचाच फायदा आहे, कारण सगळं रताळ्याचं रान एकाच माणसाच्या डोळ्यापुढं येतं.

रताळीवाला | शनिवार, दुपारी २:१०

एक्स-रेमध्ये काही नाही. मामा थोडे नाराज झाले! अर्ज पाठवलाय.

रताळीवाला | पाच महिन्यांनी, रविवार, सकाळी १०:३०

धागा वर काढतोय. चार्जशीट गेलंय, आमच्या दोघांना कोर्टाचं समन्स आलं. आमच्या अर्जावर अधीक्षक कचेरीतनं चौकशी झाली आणि त्यांच्यावरही ११८(१) लागलं. आता दोन्हीकडची माणसं एकाच एसटीनं तारखेला जाणार म्हणजे मजा आहे. पुढं काय काय होतं कुणी सांगेल काय? मामांना वाटतंय पहिल्या तारखेलाच शिक्षा सुनावतात.

शिरस्तेदार_निवृत्त | रविवार, दुपारी ३:२०

पहिल्या तारखेला फार तर पाय दुखतात. बाकावर जागा मिळत नाही.

साडेदहाला कोर्टात पोहोचा. पुकारा होतो तेव्हा बाहेर तंबाखू मळत उभे राहू नका. तीनदा नाव घेतलं आणि आला नाहीत तर वॉरंट निघतं आणि मग ते रद्द करून घ्यायला अर्ज, दंड, अर्धा दिवस. केसला सी.सी. नंबर (कोर्टातला केस क्रमांक) पडलेला असेल, तो आणि ई-कोर्ट्सवर केस शोधायचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर समन्सच्या पाठीमागं लिहून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख दिसते, त्यासाठी बेळगावला हेलपाटा नको.

त्या दिवशी जामीन करून घ्यायचा. मग आरोपपत्र आणि त्यासोबतचे सगळे कागद तुम्हाला फुकट मिळाले पाहिजेत, हजर झाल्यापासून १४ दिवसांत. पानं मोजून घ्या. वूंड सर्टिफिकेट आणि पंचनाम्याचं पान नेमकं अस्पष्ट असतं, झेरॉक्सची शाई तिथंच संपते की काय कोण जाणे. वाचता येत नाही म्हणून लगेच सांगा, पुढं बोलून उपयोग नाही.

तीन वर्षांचा गुन्हा म्हणजे वॉरंट केस, म्हणून आधी आरोप ठेवायचा की नाही यावर बोलता येतं. ठेवला तर न्यायाधीश वाचून, समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. इथं खूप माणसं घोटाळा करतात. 'होय साहेब, भांडण झालं होतं' म्हणून मान हलवतात, आणि ती कबुली म्हणून लिहिली जाऊ शकते. भांडण झालं होतं हे एक, आणि 'आरोप कबूल' हे दुसरं. कळलं नाही तर 'मराठीत सांगा' म्हणा. माझ्या वेळी एकही न्यायाधीश यावर रागावलेला मी बघितला नाही. घाईत असलेले पुष्कळ बघितले.

मग सरकारतर्फे साक्षी: फिर्यादी, पंच, डॉक्टर, तपास अधिकारी. उलटतपास तुमचा वकील घेतो. पंच बहुतेक फितूर होतात, त्यात नवल नाही, गावात राहायचं असतं त्यांना. शेवटी न्यायाधीश आरोपीला पुराव्यातला एकेक मुद्दा विचारतात, कलम ३५१. हे ३५१ प्रक्रियेच्या संहितेतलं, तुमच्यावर लागलेलं धमकीचं ३५१ न्याय संहितेतलं, गोंधळू नका. या उत्तरांना शपथ नसते. 'खोटं आहे' एवढंच म्हणून गप्प बसण्यापेक्षा म्हशीची खरी हकीकत तिथं सांगा. वकिलांशी आधी बोलून.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा कोर्टात कायदा सेवा प्राधिकरण आहे, १५१०० वर फोनही लागतो. बायका, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत.

आणि भाऊबंद आहात. ११५(२), ३५२, धमकीचं साधं कलम ही फिर्यादीनं मनावर घेतलं तर कोर्टात मिटतात, लोकअदालतीतही. मिटणाऱ्या कलमांची यादी ३५९ मध्ये आहे. त्यात नसलेलं कलम तालुक्याच्या कोर्टात मिटत नाही, त्यासाठी धारवाड खंडपीठात जाऊन खटला रद्द करून घ्यावा लागतो. तुमच्या दोन्ही केसेसचं वकिलांकडून तपासून घ्या. गावच्या पंचांपुढं दोन ओळी लिहून सह्या केल्या म्हणजे कोर्टातली केस मिटली, असं समजून तारखा चुकवणारे मी दरवर्षी बघत होतो.

रोखठोक | रविवार, सायंकाळी ५:०५

काका, मनापासून आभार. आमच्याकडच्या पोरांवर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीच्या केसेस आहेत, त्यांना हा धागा पाठवतोय.

शाळाबाई | रविवार, सायंकाळी ६:४०

निकालाच्या दिवशी कन्नडमध्ये 'खुलासे' असा शब्द ऐकला किंवा वाचला तर घाबरू नका, हे माझ्या त्या सोमवारच्या यादीत राहिलं होतं. खुलासा मागत नाहीत. 'खुलासे' म्हणजे निर्दोष सुटका.

शिरस्तेदार_निवृत्त | रविवार, सायंकाळी ७:१२

बाई, बरं आठवण केलीत. एक म्हातारे गृहस्थ होते, निकालानंतर चार वेळा माझ्या टेबलाशी आले. दर वेळी कागद पुढं करून विचारायचे, 'साहेब, खुलासा काय लिहून देऊ? माझा काहीच गुन्हा नव्हता हो.' सुटून दोन महिने झाले होते त्यांना.

रताळीवाला | मंगळवार, रात्री ९:२५

पहिली तारीख झाली. जामीन झाला, जामीनदार कोण राहिलं ते सांगितलं तर हसाल. समोरच्या बापाचा धाकटा भाऊ. त्याच्या नावावर उतारा आहे, आणि त्यांच्यासाठी मामांचा मेव्हणा उभारला. न्यायाधीशांनी दोघांची आडनावं बघून विचारलं, 'तुम्ही सगळे एकच का?' मामा म्हणाले, 'होय साहेब, म्हैस तेवढी वेगळी.'

पुढची तारीख पुढच्या महिन्यात २३ ला. कागद मोजून घेतले, ४१ पानं. २८ वं अस्पष्ट आहे, दुसरी प्रत मागितलीय.

निपाणीकर | मंगळवार, रात्री ९:५०

भारीच. बरं, माझा एक चेक बाऊन्सचा विषय आहे, इथंच विचारू काय?

टिळकवाडी_वकील | मंगळवार, रात्री ९:५८

तो कायदा वेगळा, मुदती वेगळ्या. नवीन धागा काढा, आणि आज रात्रीच काढा. बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे.